डोक्यावर चार बोटं

बाबा, तुमच्या कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी मला कधीच मिळाली नाही. ती दुसऱ्या एका पोरीला मिळाली होती, हे मला तुम्ही गेल्यावर बावीस वर्षांनी कळलं, आणि तेही जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगाशेजारी, तोंडात अर्धा समोसा असताना. तुम्ही असते तर मी तशीच घरी येऊन भांडले असते. नाहीत, म्हणून लिहिते आहे. तुम्ही पडले शाळामास्तर, घरातसुद्धा 'आमी-तुमी' खपवून घ्यायचे नाहीत, म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करते. रागाच्या भरात घसरले तर लाल शाई काढू नका.

आता मी सत्तावन्न वर्षांची आहे. आदिलाबादला तहसीलच्या दफ्तरात बसते, दिवसभर लोकांच्या जमिनीच्या पहाण्या, जुने उतारे शोधते, आणि रविवारी सकाळी फोटो काढायला जाते. हसू नका. लेकीने चांगला फोन घेऊन दिला आणि म्हणाली, आई, नुसते सुप्रभातचे मेसेज पाठवू नको, काहीतरी शीक. मग गेले. आम्ही दहा-बारा जण आहोत, एक औषधाच्या दुकानवाले, एक बँकेतले, दोघी-तिघी शिक्षिका. शिकवतो तो मोबाईलच्या दुकानाचा मालक, तिशीतला, तेलुगू घरातला, आमच्याशी हिंदीत बोलतो. त्याला आम्ही सर म्हणतो. त्याने पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? फोटो काढायच्या आधी फोनचा डोळा पुसायचा. आम्ही सगळ्या बायकांनी पदराने, ओढणीने डोळे पुसले आणि धुक्यातून बाहेर आल्यासारखे सगळ्यांचे फोटो लख्ख झाले. मला पटापट जमत गेलं. सर माझा फोन सगळ्यांना फिरवून दाखवायचे, 'बागुंदी, मॅडम, बागुंदी' म्हणायचे. या वयात कोणी छान म्हटलं की माणूस किती लवकर बिघडतं, हे मी स्वतःवरून सांगते. आठवडाभर मी रविवारची वाट पाहायची.

दिवाळीनंतर ती आली. निवृत्त नर्सबाई, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, गळ्यात दोरीने अडकवलेला जुना छोटा डिजिटल कॅमेरा. पहिल्याच रविवारी जैनथच्या पुढे पैनगंगेच्या काठावर आम्ही सगळे नदीचे फोटो काढत होतो, उगवतीचा सूर्य, पाण्यातली नाव, तेच ते. तिने आमच्याकडे पाठ केली आणि काठावर कपडे धूत बसलेल्या बाईशी गप्पा मारत बसली. अर्ध्या तासाने एकच फोटो काढला. बाबा, त्या बाईचं तोंड असं आलं होतं की ती आत्ता काहीतरी बोलेल. सर तिचा कॅमेरा दोन्ही हातांत धरून पुन्हा पुन्हा पाहत राहिले, 'बागुंदी' म्हणायचंसुद्धा विसरले, आणि मला ते जास्त लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जळते हे मला कळत होतं, त्यात काही लपवायचं नाही. घरी येऊन मी तिच्या फोटोत खोट शोधत बसले आणि मला ती सापडलीसुद्धा. ती माणसाच्या डोक्यावर फार जागा सोडायची. प्रत्येक फोटोत तेच. वर उगाच आभाळ नाहीतर भिंत.

जिनिंगच्या आवारात सरांनीच तो विषय काढला. त्या दिवशी आम्ही पांढरा कापूस आणि माणसं एका फोटोत कशी आणायची ते शिकत होतो. स्क्रीनवर कापसावर बोट टेकवलं की माणसं काळी पडतात, माणसावर टेकवलं की कापूस फटफटीत होतो, मोठी पंचाईत. तिने ढिगावर बसलेल्या एका म्हाताऱ्या मजूरबाईचा फोटो काढला होता. सर म्हणाले, "मॅडम, सब अच्छा है, लेकिन ऊपर इत्ती जगा कायको छोडते?" ती हसली. म्हणाली, "आदत हाय सर. डोक्यावर चार बोटं सोडाव, नाई त मुंडकं उडते." मी समोसा खात होते. अर्धा तोंडात होता, तो चावायचीच थांबले. कारण हे वाक्य जगात एकच माणूस बोलायचा.

तुमचा तो काळा डबा. पाहायची काच वरच्या कोपऱ्यात, फोटो काढणारी खाली. त्यामुळे काचेत पूर्ण दिसणारा माणूस फोटोत डोक्याविना यायचा. मामाच्या लग्नात तुम्हाला हे माहीत नव्हतं. रोल धुऊन आला तेव्हा अख्खं वऱ्हाड बिनडोक्याचं! मुंडावळ्या नाहीत, टोप्या नाहीत, नुसते कोट आणि शालू. आई हसून हसून चुलीपुढे लवंडली होती आणि मामी वर्षभर तुमच्याशी बोलली नाही. त्यानंतर तुम्ही तो चार बोटांचा नियम काढला. फोटो काढताना डावा हात समोर धरायचे, समोरच्याच्या डोक्यावर हवेतच चार बोटं आडवी मोजायचे आणि मग खटका दाबायचे. मी तुमच्या मागे उभी राहून तशीच बोटं धरायची. कॅमेरा हातात नसताना, नुसतीच.

आणि मग तो दिवस. मी नऊ वर्षांची. आई भाकरी थापते आहे, तुम्ही अंगणात दाढी करता आहात, आणि डबा खुंटीवर आहे. त्याच्या मागे एक लाल काच होती, तिच्यातून आकडा दिसायचा. मला वाटायचं आकडा दिसतो तर माणसंही दिसतील. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो होते आत, मला माझं नाचतानाचं तोंड पाहायचं होतं. मी मागचं झाकण उघडलं. आतल्या रोलला उजेड लागला आणि गॅदरिंगचे सगळे फोटो गेले. तुम्ही अर्ध्या साबणाच्या तोंडाने आत आले. तुम्ही मला मारलं नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आले आहे. पण तुम्ही डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि ओरडले, "तुयाच्यानं होत नाई हे! ठेव!" घरात शुद्ध बोलणारे तुम्ही, रागात तुमची भाषा आमच्यासारखी झाली होती, म्हणून ते वाक्य मला जास्त खरं वाटलं. त्या जूनमध्ये तुमची बदली नार्नूरला झाली. कॅमेरा तुम्ही सोबत नेला. मला वाटलं, माझ्यापासून वाचवायला नेला.

जिनिंगमधून बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर मी तिच्या शेजारी बसले. सहज विचारल्यासारखं विचारलं, चार बोटं कोणी शिकवली? ती तर सांगायलाच टपलेली होती. "मायी शाळा नार्नूरची. माय-बाप दुसऱ्याच्या वावरात कामाले जात. तिथं एक गुरुजी होते, तुमच्या इकडलेच. शनवारी गावाले जात. बस याच्या आंदी मले बलावत अन् म्हणत, रोलचे शेवटचे दोन फोटो उरले, हे तुये. काढ काय काढाचं ते." मी म्हटलं, "तुमालेच काऊन?" माझीही भाषा घसरली बघा. ती म्हणाली, "काय मालूम बाई. एक खेप मी मागचं झाकणच उघडलं! आत काय रायते पाहाव म्हटलं. मंग रडाले लागली भेवानं. गुरुजी काई बोलले नाई. बाजूले बसले अन् म्हणाले, मायी पोरगी बी अशीच उघडून पाहे. लय हुशार हाय. मी तिच्यावर वरडलो, तवापासून तिनं डब्याले हात नाई लावला. मायी चुकी झाली. तुले नाई वरडत. बस, पाह्य आत."

बाबा, ती हे सगळं इतक्या मायेने सांगत होती आणि मला तिच्या हातातला चहा सांडावा असं वाटत होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच मला लागली, शहाणे तुम्ही झाले आणि लाभ नार्नूरच्या पोरीला! 'माझी चूक झाली' हे वाक्य माझं होतं. ते तुम्ही शनिवारच्या बसमध्ये बसून, तीन तासांचा रस्ता कापून, माझ्यापर्यंत आणायला हवं होतं. तुम्ही ते तिथेच देऊन आले आणि घरी फक्त सीताफळं आणली. आपल्या घरात तुमचा एकही धड फोटो नाही, कारण कॅमेरा कायम तुमच्याच हातात. भिंतीवर हार घातलेला आहे तो नोकरीच्या कार्डावरून मोठा केलेला, त्यात तुम्ही कोणालातरी अंगठे धरायला लावणार असे दिसता. ती म्हणाली, "गुरुजीचा एक फोटो हाय मायापाशी, मीच काढलेला. हासून रायले हायेत." मी चहा संपवला. ती हुशार पोरगी मी आहे, हे मी सांगितलं नाही.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापुढे काय लपवायचं. वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. मला संगणक येतो म्हणून सगळ्यांचे फोटो छापायला तयार करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तिचा तो मजूरबाईचा फोटो मी उघडला. पांढरा ढीग, त्यावर सुरकुतलेलं तोंड, आणि डोक्यावर मोकळं आभाळ. मी स्क्रीनवर आडवी बोटं ठेवून मोजली. मग वरून तेवढंच कापलं. सर म्हणतातच ना जागा जास्त आहे म्हणून, मी चूक दुरुस्त करते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण कापताना मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती निळी इस्त्रीची साडी नेसून आली. आपल्या फोटोपुढे थांबली. लोक मागून येत होते, वा वा म्हणत होते, सरांनी तर 'अब परफेक्ट' म्हणून टाळीच दिली. तिने डावा हात वर केला आणि फोटोच्या चौकटीवर, भिंतीला, चार बोटं आडवी टेकवली. अगदी तुमच्यासारखी. थोडा वेळ तशीच ठेवली. मग मला म्हणाली, "कापलं वाटते कोणं तरी." मी म्हणाले, "छापणाऱ्याने कापलं असेल." "जाऊ द्या," ती म्हणाली, "त्याले काय मालूम, बिचाऱ्याले." आणि पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं. "तुमी त्या दिवशी गुरुजीचं लय पुसून रायल्या होत्या, म्हणून आनलं."

फोटोत तुम्ही शाळेच्या पायरीवर बसलेले आहात. पायाशी बसची पिशवी. पुढचा एक दात पडलेला आहे आणि तो लपवायचा विसरून तुम्ही हसता आहात. इतके तरुण! माझ्या जावयापेक्षा लहान. हा दात तुम्ही नंतर बसवून घेतला, त्यामुळे असे हसताना मी तुम्हाला पाहिलेलंच नाही. किंवा पाहिलं असेल आणि विसरले असेन, ते तर आणखी वाईट. "घ्या काढून फोनमधी," ती म्हणाली. मी तो फोटो खिडकीच्या उजेडात टेबलावर ठेवला. पदराने फोनचा डोळा पुसला, मग माझाही पुसला. फोटोचा फोटो काढला. तिने वाकून पाहिलं आणि खळखळून हसली, "अगाई, तुमी बी चार बोटं सोडले!" खरंच. तुमच्या डोक्यावरची जागा होतीच, तिच्यावर फोटोची कड, आणि त्यावर मी आणखी चार बोटं टेबल सोडलं होतं. ती म्हणाली, "कोणं शिकवलं?" किती सोपं होतं बाबा. नुसतं तुमचं नाव घ्यायचं होतं. मी म्हणाले, "तुमचंच पाहून."

तिचा फोटो मी दुसऱ्या दिवशी पूर्ण छापून आणला आणि भिंतीवर बदलून लावला. तिने माझा हात हातात घेतला, 'तुमच्यासारखं माणूस नाई' म्हणाली, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे पत्र खरं तर तिलाच वाचायला द्यायला हवं. नाही देणार. दिलं तर ती गळ्यात पडून रडेल, मला ताई म्हणेल, आणि तुमच्यातला तिचा वाटा मला मान्य करावा लागेल. अजून माझी तेवढी तयारी नाही. दफ्तराच्या कपाटात जुन्या पहाण्यांखाली ठेवून देते, तिथे कोणी हात घालत नाही.

पण बंद करण्याआधी पहिली ओळ दुरुस्त करायला हवी. परवानगी कधीच मिळाली नाही, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तुम्ही शनिवारची वाट न पाहता नार्नूरहून मधल्या वारीच आले. मी स्वयंपाकघरात आईसोबत पुऱ्या लाटत होते. तुम्ही तो काळा डबा पोळपाटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "घे. शेवटचे दोन उरले आहेत." मी मान वर न करता म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही." तुम्ही डब्यावर उडालेलं पीठ बाहीने पुसलं आणि तो घेऊन बाहेर गेले. ते दोन फोटो तुम्ही कशाचे काढले, मला माहीत नाही.