कोमट पाण्याचा आठवडा

१४ डिसेंबर, रविवार
वहीची माफी मागतो. शेवटची नोंद एप्रिलमधली. कामाच्या गर्दीत जमलं नाही, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? कंटाळा.
बाबा काल राहायला आले. दर हिवाळ्यात ते ताईकडे असतात, यंदा मी हट्टाने आणलं. आणि आज सकाळी गीझरने कोमट पाण्यावर आमची बोळवण केली. बाबांचे गुडघे गरम पाण्याशिवाय हलत नाहीत. पुढच्या रविवारपर्यंत बघतो, नाहीतर ताईकडे जातो, म्हणाले.
बायको म्हणाली, इलेक्ट्रिशियनला बोलाव. मी म्हटलं, मी बी.एस्सी. आहे. ती म्हणाली, वनस्पतिशास्त्रात. मुद्दा तो नव्हता.

१५ डिसेंबर, सोमवार
आधी निदान. नळाखाली तापाचा थर्मामीटर धरला. १०१. पाण्याला गोळी देऊ का, असं कन्येने विचारलं. वय वर्षं तेरा. दुर्लक्ष केलं.
बाबांनी तीस वर्षं कारखान्यातले बॉयलर सांभाळले. त्यांना विचारावं का? नको. बॉयलर वेगळा, गीझर वेगळा. शिवाय पाहुण्याला कामाला लावू नये. (हे कारण खरं आहे का? बहुतांशी.)

१६ डिसेंबर, मंगळवार
अर्धी रजा. मेन स्विच बंद करून थर्मोस्टॅट बदलला. दोन तास. बाबा दारात स्टूल टाकून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत. खरं कौतुक मुकंच असतं.
पाणी: १०१.

१७ डिसेंबर, बुधवार
उष्णता बाहेर जात असणार. टाकीला ब्लँकेट गुंडाळलं, वरून सुतळी. ते बायकोच्या माहेरचं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. (ठाऊक होतं.) आता कानटोपीही घाल तिला, म्हणाली.

१८ डिसेंबर, गुरुवार
यश! सकाळपासून एकही तक्रार नाही. बाबा आंघोळ करून आले ते अंगातून वाफा निघत. मला स्वतःला पाणी कोमटच लागलं, पण तो माझ्या कातडीचा दोष असावा. आकडा १०१च, थर्मामीटर जुना आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार
तक्रारी शून्य. ऑफिसात दोघांना थर्मोस्टॅटविषयी सल्ला दिला. त्यांनी मागितला नव्हता. ताईला फोन करून सांगितलं, बाबा इथेच राहणार, पाणी कढत येतंय. तू दुरुस्त केलंस, असं तिने विचारलं. ‘तू’वर जोर जरा जास्तच होता.

२० डिसेंबर, शनिवार
आज अर्धा तास लवकर उठलो. नको होतं.
स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं. समोर बाबा, खांद्यावर टॉवेल. मागे कन्या, हातात बादली. गुरुवारपासून हेच चाललंय म्हणे. मला का नाही सांगितलं, विचारलं. बायको पातेलं उतरवत म्हणाली, तू इतका खूश होतास.
बाबांना विचारलं, बिघाड तुम्हाला कळला होता का? पहिल्याच दिवशी, म्हणाले. कॉइलवर क्षाराचा थर बसलाय, आवाजावरूनच कळतं. मग बोलला का नाहीत?
तू विचारलं नाहीस, म्हणाले.
 मग उद्या ताईकडे सोडू का, असं विचारलं.  बाबा म्हणाले, ताईकडे पाणी कढत असतं, पण बघायला काही नसतं. मार्चपर्यंत राहतो. अट एकच: गीझरला तू हात लावायचा नाहीस.
अट मान्य केली. फार लवकर केली, असं आता वाटतं.
उद्या: इलेक्ट्रिशियन दहाला येणार; पावणेदहाला घराबाहेर पडणे.