टेगन ट्रेझाइस ही मुलगी एकच आहे, याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
कोविड नोंद व अलगीकरण कार्यालय,
पोर्ट हॅलम, व्हिक्टोरिया.

अर्जदार: श्रीमती लिनेट ट्रेझाइस, मिरूला, न्यू साउथ वेल्स. (पुलाच्या अलीकडे.)

विषय: माझी मुलगी कु. टेगन, वय नऊ, हिची आपल्या राज्यातील रुग्ण म्हणून झालेली नोंद उद्या शुक्रवारी दुपारपूर्वी रद्द करण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचा मंगळवारचा संदेश; तसेच आपल्या मदत क्रमांकावर मी केलेले फोन, ज्यांची संख्या आपल्याकडे असेलच.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून कळविते की, मी मरे नदीच्या उत्तरेस न्यू साउथ वेल्समध्ये राहते. माझी मुलगी पूल ओलांडून व्हिक्टोरियातील शाळेत जाते. माझे वडील श्री. क्लॅरेन्स पेंगेली हे आपल्याच गावी, पोर्ट हॅलमला, नदीकाठच्या वृद्धनिवासात आहेत. त्यांना कोविड नाही. त्यांची फुप्फुसे थकली आहेत, आणि ते रविवार पाहतील की नाही याची खात्री देता येत नाही, असे डॉक्टरांनी काल मला बाहेर बोलावून सांगितले. त्यांना नातीला भेटायचे आहे. हा संपूर्ण अर्ज एवढ्यासाठीच आहे. पुढील मजकूर लांबला तरी कृपया हे वाक्य नजरेआड करू नये.

२. सत्र सुरू झाले त्या सोमवारी, म्हणजे ३१ जानेवारीस, शाळेने दिलेल्या किटने टेगनची चाचणी केली असता दोन रेघा उमटल्या. राहत्या पत्त्याप्रमाणे मी ती माहिती न्यू साउथ वेल्सला कळविली. टेगन सात दिवस घरात राहिली, दोन दिवस तापली, नंतर कंटाळली आणि बरी झाली. न्यू साउथ वेल्सने तिला मोकळे केल्याचे पत्र सोबत जोडले आहे. येथपर्यंत कोणाचीही तक्रार नाही.

३. सोमवारी ७ तारखेस ती शाळेत गेली असता कार्यालयातील श्रीमती हॅलिगन यांनी तिला दारातच थांबविले. किट व्हिक्टोरियाचे, तेव्हा नोंदही व्हिक्टोरियात दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. बाई वाईट नाहीत. त्यांनाही वरून विचारणा होते. मी त्याच संध्याकाळी आपल्या संकेतस्थळावर फॉर्म भरला. त्यात चाचणी केव्हा झाली हे विचारलेले नाही. भरला तो दिवस हाच आजाराचा पहिला दिवस धरला जातो, हे मला मागाहून कळले. परिणामी जी मुलगी नदीच्या अलीकडे बरी झाली, तीच पलीकडे त्या संध्याकाळी नव्याने आजारी पडली.

४. आता माझ्याकडून झालेली चूक लिहिते. सदर फॉर्म आमच्या राज्याचा पिनकोड घेईना. तीनदा भरला, तीनदा लाल अक्षरे आली. व्हिक्टोरियातील एकच पत्ता मला तोंडपाठ होता, तो मी लिहिला. तो वडिलांच्या वृद्धनिवासाचा. सीमेवरची माणसे असे पत्ते नेहमीच वापरतात. आमच्या गल्लीतील अर्ध्या घरांची टपाले पलीकडच्या मावशीकडे येतात, आणि त्यावरून आजवर कोणाचे काही बिघडले नव्हते. परंतु या वेळी, वृद्धनिवासात नऊ वर्षांची एक बाधित रहिवासी असल्याचा संदेश आपल्या कार्यालयाने मंगळवारी त्यांना धाडला. व्यवस्थापिका श्रीमती ओहॅलोरन यांनी सर्व खोल्या तपासल्या. नऊ वर्षांचे कोणी सापडले नाही. तरीही, बाधित व्यक्ती आढळल्यामुळे उद्या शुक्रवारी दुपारपासून सर्वांच्या भेटी बंद, असा आदेश दारावर लागला आहे.

५. मी जानेवारीतच कोविडमधून उठले असल्यामुळे मला आजपर्यंत आत सोडत होते. उद्या दुपारनंतर मलाही सोडणार नाहीत. टेगनला तर आजही सोडत नाहीत. मोकळे केल्याचे पत्र दाखविले, तर ते दुसऱ्या राज्याचे आहे म्हणतात. निगेटिव्ह चाचणी आणा म्हणतात. आणि बरे झाल्यावर चार आठवडे चाचणी करू नये, असे दोन्ही राज्ये सांगतात. या एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत आहे.

६. आपल्या मदत क्रमांकावरील भगिनी माझ्याशी नेहमी गोड बोलल्या. काल शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, मला पटतंय हो सगळं. पण इथं दिसतंय ते पुसायची सोयच नाही माझ्याकडं. सोमवारी आपोआप जाईल बघा." सोमवारी जाईल हे मलाही ठाऊक आहे, महोदय. मला भीती आहे ती सोमवारच्या आत कोण जाईल याची.

७. रोज सकाळी राज्यांचे आकडे दूरदर्शनवर क्रिकेटच्या धावांसारखे वाचले जातात. गेल्या दोन आठवड्यांत त्यात टेगन दोनदा येऊन गेली, एकदा आमच्याकडून आणि एकदा आपल्याकडून. क्वीन्सलँडमधील माझी बहीण फोनवर म्हणाली, "आमच्याकडं शाळेत पोरांच्या नाकात काड्या घालतच नाहीत. घेऊन ये तिला इकडं, एका दिवसात बरी होईल." मी हसले, आणि मग मला रडू आवरेना. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, तरी लिहिले आहे.

८. आपल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा तर मला दोन मुली आहेत. एक मिरूल्यात राहते व बरी आहे. दुसरी पोर्ट हॅलमच्या वृद्धनिवासात राहते व आजारी आहे. तसे असल्यास आजारी मुलगी आधीपासूनच आजोबांजवळ आहे, आणि बऱ्या मुलीला मात्र मज्जाव आहे. काल वडिलांनी प्राणवायूचा मास्क बाजूला करून मला विचारले, "ती शेंबडी कुठंय गं? रुसली का माझ्यावर?" मी त्यांना दोन राज्यांचे सांगू लागले. त्यांनी डोळे मिटून घेतले. रुसली नाही, एवढे तरी त्यांना तिच्या तोंडून कळावे, ही माझी मागणी आहे, आणि ती अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

९. तरी सदर नोंद उद्या दुपारपूर्वी रद्द करून तसे एका ओळीत वृद्धनिवासास कळवावे. न जमल्यास माझी पुढील कृती आपणांस आधीच कळविणे मी माझे कर्तव्य समजते. आपणही नदीकाठचेच, तेव्हा आपणांस माहीत असेल की या दोन राज्यांची हद्द पात्राच्या मधून जात नाही, ती आपल्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, काठाला लागून जाते. पाणी सगळे न्यू साउथ वेल्सचे आहे. पोर्ट हॅलमच्या काठावर बसून गळ टाकणाऱ्यालाही परवाना आमच्याकडचाच काढावा लागतो. शनिवारी सकाळी मी वडिलांच्या पत्र्याच्या होडीतून टेगनला घेऊन त्यांच्या खिडकीखाली येईन. होडी काठाला लावणार नाही. तिचे पाऊल आपल्या राज्याच्या मातीला लागणार नाही, याची लेखी हमी मी देते. जेथे ती उभी असेल तेथे ती कायद्याने निरोगी असेल. मात्र तेथून ती आजोबांना हाक मारील, आणि ती हाक आपल्या हद्दीत जाईल. तिची नोंद कोणत्या राज्यात करावयाची, ते कृपया कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
लिनेट ट्रेझाइस

मिरूला, गुरुवार, १० फेब्रुवारी २०२२

सोबत:
न्यू साउथ वेल्सचे मोकळे केल्याचे पत्र.
डॉक्टरांचे पत्र.
वडिलांच्या खिडकीचा नदीवरून काढलेला फोटो. डावीकडून तिसरी. खाटेचे तोंड खिडकीकडे फिरवून द्यावे, एवढे आपण वृद्धनिवासास सांगू शकाल.