हिरव्या काठ्या

२१ जुलै २०२४, रविवार
आज गर्भगिरीच्या पायथ्याशी, गावच्या गायरानात बांबू लावला. बँकेतून रिटायर झालेले बाकीचे भिंगारमध्ये पेपर वाचत बसलेत. मी वनक्रांती करतोय. बांबू वाढला की सरपणासाठी डोंगरावरची झाडं तुटणार नाहीत आणि गाव ऊसतोडीला जाणार नाही. यूट्यूबच्या व्हिडिओत सगळं सांगितलंय. प्रत्येक रोपाला आधार म्हणून वाळक्या बांबूची काठी. फोटोत रोपं दिसत नाहीत, काठ्या छान आल्यात.
संकल्प: दर रविवारी प्लॉटवर.

२८ जुलै, रविवार
पाऊस. बांबूला चांगला, माझ्या गुडघ्याला नाही. गेलो नाही.

१८ ऑगस्ट
गायरानात चराईबंदी करायला लावली. राळेगणसिद्धीला जमलं, मग आपल्याला का नाही? गावातल्या ऊसतोड करणाऱ्या सहादेवच्या आईने, झुंबरबाईने, शेरडं विकून टाकली. लई जिवावर आलं, म्हणाली. त्यागाशिवाय ग्रीन इकॉनॉमी नाही, हे तिला नीट समजावलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूससुद्धा आवाजावरून ओळखते. नगरला ऑपरेशन करून देतो म्हणालो. मोबाईलवर रिमाइंडर लावलाय.

६ ऑक्टोबर
मोठं यश! सहादेव आणि त्याची बायको ज्योती यंदा ऊसतोडीला जाणार नाहीत. ऊसतोड टोळीचा मुकादम अंगद दोनदा येऊन विनवून गेला. मी शब्द दिला होता: प्लॉट राखा, रोपांना पाणी घाला, महिन्याच्या महिन्याला पगार घ्या. त्यांची राजेश्वरी यंदा दहावीला आहे. आंधळ्या आजीच्या भरवशावर तरणी पोर ठेवता येत नाही, म्हणून दरवर्षी तिला उसाच्या फडावर नेतात आणि शाळा बुडते. ज्योती म्हणाली, सर, पोरीची परीक्षा तेवढी हू द्या, मग आमी जन्मभर तुमचा बांबू राखू. डोळे भरून आले. माझे. भाषणात हे नक्की घ्यायचं.

१३ ऑक्टोबर
काल दसऱ्याचं जेवण जड झालं. गेलो नाही.
रिमाइंडर वाजला. पुढे ढकलला.

१ डिसेंबर
साडूच्या मुलाचं लग्न. गेलो नाही, म्हणजे प्लॉटवर. मांडवातच सहादेवचा फोन. विहीर आटली, रोपं करपली. बांबू आधी खाली मुळं वाढवतो, वरून काही दिसत नाही, असं शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, उपटून बघितलं सर, मुळं बी न्हाईत. निगेटिव्ह माणूस. पगाराचंही विचारत होता. बांबूचं सरकारी अनुदान आलं की देणारच आहे, पळून का जातोय?

५ जानेवारी २०२५
अनुदानवाले साहेब आज पाहणीला येणार होते. रात्री झोप नाही, पण पहाटे आयडिया सुचली: काठ्यांना हिरवा ऑइलपेंट! सगळ्या सहादेवकडून रंगवून घेतल्या. रस्त्यावरून बघितलं तर घनदाट बन. साहेबांनीही गाडीतूनच बघितलं, काच खाली न करता. सहादेव ब्रश तिथेच टाकून घराकडे निघून गेला. अभिमान पेलवला नसणार.

२ फेब्रुवारी
अनुदान आलं! आधी ड्रोन घेतला. वरून शूटिंग नसेल तर आजकाल कोण विचारतं? सुरेखा म्हणाली, त्या बिचाऱ्यांचे पैसे आधी टाका. बायकोला व्हिजन नाही. सहादेवचे बरेच मिस्ड कॉल आहेत. पगाराचेच असणार. उद्या बोलू.

२१ फेब्रुवारी
आज दहावीचा पहिला पेपर. सहादेवच्या मोबाईलवर राजेश्वरीसाठी शुभेच्छा पाठवल्या, फुलांच्या चित्रासकट. मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही. पोर अभ्यासात असेल. ती परीक्षेला बसतेय, हे माझं काम आहे, कुणी मानो न मानो.

३० मार्च, पाडवा
आज गावात कार्यक्रम. 'स्थलांतर थांबवणारा बांबू' या विषयावर माझं भाषण, मग सहादेव-ज्योतीचा सत्कार. शाल, नारळ, ड्रोन, सगळं घेऊन गेलो.

गावात शिरलो तर घराघरावर हिरव्या काठ्यांच्या गुढ्या. प्लॉट जवळजवळ मोकळा. क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, बांबू शेवटी लोकांपर्यंत पोहोचला.

सहादेवच्या दाराला कुलूप. शेजारच्या बनुबाईला विचारलं. ती म्हणाली, ते तं फेब्रुवारीतच अंगदच्या टोळीत गेले, सोनईकडं. पगार न्हाई तं खायाचं काय? पोरगी बी संगंच हाय, मोळ्या बांधती.
आणि परीक्षा, असं मी विचारलं. बनुबाई खराटा घेऊन अंगण झाडू लागली.

म्हातारी कुठंय म्हणालो, तर तिने गायरानाकडे बोट केलं. तिथे कडेची एक ओळ अजून उभी होती. झुंबरबाई चाचपडत एकेका काठीच्या बुडाशी तांब्यातून पाणी घालत होती. टँकरचं, तिच्या वाट्याचं. गुढीसाठी काठी न्यायला आलेल्यांना तिने शिव्या देऊन हाकललं म्हणे.

माझा आवाज ओळखला. म्हणाली, सर, सहादेव म्हनला पानी घालायची गरज न्हाई आता. पन मी घालते. बांबू आला म्हंजी माझी नात शाळंत जाईल. मला दिसत न्हाई, पालवी फुटली का वो?

तिची बोटं हिरव्या रंगावरून फिरत होती.
मी म्हणालो, फुटली.
तिने तांब्यातलं उरलेलंही ओतलं.

भाषण केलं नाही. शाल गाडीतच आहे.