पाण्याकडं न्यायचं न्हाय

१९ एप्रिल, रविवार. निपाणी
सुजाताचा पुण्याहून फोन. जहाजाचं पक्कं झालं. लेक, जावई, ईरा, विहान आणि मी. मुंबईतून निघायचं, कोची, मग लक्षद्वीपचं एक बेट, परत मुंबई. नवरा-बायको दोघांनाही पुरती रजा नाही, जहाजावर लॅपटॉप उघडून बसणार. म्हणून बंदरात उतरायच्या दिवशी पोरांचं खातं माझ्याकडे. "कुठं उतरून काय बघायचं ते तूच ठरव पोरांशी बसून. तू टेलिफोन एक्स्चेंज चालवलंस आई, तुला काय अवघड!" लोणी लावावं तर हिनं.
हो म्हटलं. पाण्यावर जायचंय हे फोन ठेवल्यावर डोक्यात शिरलं.

२२ एप्रिल, बुधवार
सदलग्याहून शिवाचा फोन. भाऊ आहे, पण कामाशिवाय फोन करायचा नाही.
"आक्का, धरणाचं पाणी लई खाली गेलंय. जुनं गाव उघडं पडलंय. गिरणीचा कट्टा दिसतोय, देवळाच्या पायऱ्या दिसत्यात. आव्वाला कुणी सांगितलं काय की. सकाळधरनं एकच घोकतीया."
काय घोकते ते विचारलं नाही. माहीत आहे.
आव्वा, आमची आई, पंचाऐंशीच्या पुढं. लेकीचं नाव विसरते, जेवली का ते विसरते. पण दिवस कलला की विचारणार, "बाळाला आत घेतलं का? दारात पाणी आलंय." बाळ म्हणजे आमचा सगळ्यात धाकटा. आठ महिन्यांचा, तापानं गेला. तेवढ्या पोराला जाळत नाहीत. बांधाला, चिंचेच्या बुडाशी पुरलं. पुढच्या वर्षी धरणाचं पाणी आलं. दारं, चौकटी, तुळया, कौलं, देव, सगळं काढून गाड्यांत भरलं. तो तेवढा खाली राहिला. शेवटच्या गाडीत आव्वाला उचलून बसवावं लागलं. मी दहा वर्षांची. ती उठू नये म्हणून मला तिच्या पायांवर बसवलं होतं.

२६ एप्रिल, रविवार
पोरं आली. घराचं मैदान झालं.
दुपारी कॅलेंडरच्या पाठीवर बंदरं मांडली. ईरा बारा वर्षांची, तिच्या फोनमध्ये सगळ्या सहलींचे फोटो. कोची: मसाल्यांचा बाजार, जुना किल्ला, चिनी जाळी. बसनं. खाडीतली बोट होती, ती मी खोडली. बेटावर: वाळूत खेळणे, शहाळी पिणे.
ईरा: "आजी, तू जिथं तिथं बस नाहीतर वाळू. आपण समुद्रात चाललोय ना?"
पोरगी माझ्यावर गेलीय, सोडत नाही.
विहान सातचा. त्याला एकच पाहिजे. काचेच्या तळाची होडी. बसल्या जागी खाली बघायचं, मासे, पोवळी, तळ सगळं दिसतं म्हणे. मी लिहिलेली वाळू त्यानं खोडली आणि होडीचं चित्र काढलं. होडीखाली बरंच काय काय काढत बसला होता. मी उठून चहा टाकला.
मला खाली बघता येत नाही. आमच्या घटप्रभेचा पूल आला की एसटीत पर्स उघडून बसते, पूल संपेपर्यंत काहीतरी शोधते. साठी उलटली तरी. साठलेलं पाणी दिसलं की मला त्याच्या तळाला गल्ली दिसते. दारं काढून नेलेली घरं, आणि पाणी आत शिरताना. ते पाणी पुरासारखं आलं नव्हतं. रोज थोडं थोडं, आवाज न करता. कुणाला काही न विचारता घरात आलं.

३० एप्रिल, गुरुवार
शिवा रविवारी आव्वाला जुन्या गावाला नेणार. "न्हाय नेलं तर ती चालत जाईल आक्का, तसली हाय ती." पोरांना घेऊन मी पण जाते म्हटलं. विहान खूश. ईराला त्यानं सांगितलं, "हे आपलं पहिलं बंदर."
तो सहज म्हणाला. मी बंदरांचं कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

३ मे, रविवार
शिवाच्या ओम्नीतून गेलो. आव्वा पुढं, मांडीवर टॉवेल घडी घालून. कशाला घेतलास विचारलं. म्हणाली, "गुंडाळायला."
तिथं जत्रा भरलीय. आइस्क्रीमची गाडी, भेळ, सेल्फी. ज्यांचं गाव कधी बुडालं नाही तेच जास्त. गाळ वाळून भेगा पडल्यात, शिंपल्यांचा खच. आव्वाला चालवत नाही म्हणून गाडी काठावर लावली, ती आतच बसली. आम्ही उतरलो.
गल्ली ओळखू आली. घरं नाहीत, नुसती जोती. आमच्या उंबऱ्याजागी चौकट उपटलेली खाच तशीच. ईरा म्हणाली, "एवढंसंच घर?" एवढ्यातच सगळं खटलं राहत होतं बाई.
चिंच सापडली नाही. काळे बुंधे बरेच. शिवा एकाला हात लावून म्हणाला, ह्योच. मी म्हटलं, बांध पलीकडच्या अंगाला होता. भर उन्हात बहीणभाऊ भांडलो. त्याला काय आठवणार, तो तेव्हा कडेवर होता. पण मलाही आठवत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही. एवढा गाळ बसलाय की बांध कुठला न् शेत कुठलं.
तेवढ्यात विहान दिसेना. हाका मारल्या. एका ओल्या जागी मांडीपर्यंत रुतला होता तो, हातांनी स्वतःला उपसून वर आला आणि आइस्क्रीमसाठी सरळ गाडीकडे पळत सुटला. अंगभर चिखल, नुसते डोळे तेवढे दिसत होते. मी मागनं ओरडत.
आव्वा गाडीचं दार उघडं टाकून बसलेली. जुन्या गावातनं, चिखलानं माखलेलं एक पोरगं तिच्याकडे पळत येताना तिनं बघितलं.
"आलास?" म्हणाली.
टॉवेलात गुंडाळलं त्याला. मला पापी घेऊ न देणारा विहान गप्प उभा राहिला. तिनं त्याचे कान पुसले, तळवे चोळले. "किती गार पडलायस रं बाळा." मे महिन्याच्या उन्हात.
मग माझ्याकडे बघितलं. माझं नाव घेतलं, कितीतरी महिन्यांनी.
"शालन, आता ह्याला सोडायचा न्हाय. पाण्याकडं न्यायचं न्हाय. शब्द दे."
दिला. दुसरं काय करणार होते. शिवा पाठ फिरवून उभा होता.

५ मे, मंगळवार
शिवाचा फोन. "आक्का, आव्वा गप झोपाया लागलीया. दारात पाणी न्हाय, काय न्हाय. भाकरी मागून खाल्ली. फकस्त सांजच्याला इचारती, शालनकडं हाय न्हवं त्यो? मी व्हय म्हणतो." हसत हसत तेच दोनदा सांगितलं त्यानं. आयुष्यभर त्यानं तिचं ते पाणी ऐकलंय.
सुजाताला सांगितलं. म्हटलं, विहानला घेऊन मी निपाणीतच राहू का? तुम्ही तिघं जा.
"आई, पणजी आहे ती! तिला काय कळतंय? हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तो रोज उठून दिवस मोजतोय."
बरोबर आहे तिचं. मी काही देवदेव करणारी नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि पुढं जाते. शब्द मोडला तरी आव्वाला कळणार नाही.
ज्याला कळेल त्याची भीती वाटते.

७ मे, गुरुवार. पुणे
पोरांना घेऊन आले. विहाननं जेवता जेवता विचारलं, "पणजी मला बाळ का म्हणाली?"
ईरानं फोन खाली ठेवला. म्हणजे तिलाही विचारायचं होतं. सुजाता ऑफिसच्या कॉलवर आत. सांगून टाकलं, जेवढं पोरांना सांगता येतं तेवढं. वाटलं विहान घाबरेल.
"मग तो खाली एकटाच आहे?"
हो म्हटलं.
वरणभात कालवत बसला. मग, "काचेच्या होडीतून दिसेल?"
अरे, ते पाणी वेगळं, हे वेगळं. आपली नदी कृष्णेला मिळते, कृष्णा तिकडं पूर्वेच्या समुद्राला. आपण चाललोय पश्चिमेच्या. किती पटापट सांगितलं मी. जसं काही पाठच करून ठेवलं होतं. केलंच होतं.
"पाणी सगळं जोडलेलं असतं, आजी. शाळेत शिकवलंय."
ईरानं त्याला चिमटा काढला. पोहायचा चष्मा त्यानं बॅगेत सगळ्यात वर ठेवलाय.

९ मे, शनिवार. जहाज
जहाज कसलं, मजल्यावर मजले चढवलेली इमारत. लिफ्ट, गालिचे, इडलीपासून पिझ्झ्यापर्यंत सगळं. पाण्याला पाय लागत नाही. आव्वा म्हणाली पाण्याकडं न्यायचं नाही. हे तर पाण्याच्या कितीतरी वर आहे.
वकिली चाललीय माझी.
सुटलो तेव्हा सगळे कठड्याला. मी लिफ्टपाशी. विहान पळत येऊन म्हणाला, "आजी, खाली काळं आहे."

१० मे, रविवार. समुद्रात
दिवसभर नुसतं पाणी. आमच्या खोलीला खिडकी. मी पडदा ओढते, तो उघडतो. काचेला कपाळ टेकून बसतो. काय बघतोस रे? "काही नाही." सात वर्षांचं पोर काही नाही म्हणतं तेव्हा काहीतरी असतंच.
अंघोळ घालताना त्याच्या कानामागं वाळका चिखल निघाला. जुन्या गावचा. एवढ्या अंघोळी झाल्या आणि कसा राहिला? मुकाट्यानं धुतला. कुणाला सांगितलं नाही.

११ मे, सोमवार. कोची
जमीन! जीव भांड्यात पडला. बस, बाजार, वेलदोड्याचा वास. विहाननं माशांची जाळी ओढली, ईरानं माझे फोटो काढले, एका फोटोत मी चक्क हसतेय. ठरवलेलं सगळं वेळेत झालं, जहाज सुटायच्या आधी कितीतरी आलो. माझी मीच पाठ थोपटली.
संध्याकाळी शिवानं आव्वाला फोन दिला. "जवळ हाय का गं?" विहान माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपलेला. "हाय आव्वा." खरं बोलता आलं.
मग सुजाता आली. उद्याची रजा मिळाली म्हणे. "बेटावर मी येते. काचेच्या होडीत मी नेते दोघांना, तुला बसायला नको. पण विहानच्या बाबतीत तू नको म्हणालीस तर नाही नेणार. त्याला तूच सांग."
हुशार आहे माझी लेक. भांडली असती तर बरं झालं असतं.

१२ मे, मंगळवार. बेट
वाळूत बसून लिहितेय. हाताला काम हवं म्हणून.
जहाज लांब थांबलं, लहान बोटींनी किनाऱ्याला आणलं. विहानला मांडीत दाबून, डोळे मिटून आले. "आजी, दुखतंय" म्हणाला. सोडला नाही.
काचेच्या होड्या किनाऱ्यालाच लागलेल्या. सुजाता माझ्याकडे बघतेय, ईरा मुद्दाम दुसरीकडे. विहान लाइफ जॅकेट घालून समोर उभा. "आजी, जाऊ?"
नको म्हटलं असतं तर तो गेला नसता. रडलाही नसता. थोबाड पाडून माझ्याशेजारी बसला असता, आणि मोठा होऊन कुठल्यातरी पुलावर बॅगेत काहीतरी शोधत बसला असता. ते मला बघवलं नसतं. आव्वाचा शब्द तिकडं, हा इकडं.
म्हटलं, "जा."
खाली वाकायला लावलं मला. कानात म्हणाला, "तो दिसला तर काय सांगू?"
होडीवाल्यानं हाक मारली, गेला.
पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. होड्या खडकांच्या पलीकडं गेल्या. आता दिसत नाहीत. पहिल्यांदाच एवढा वेळ पाण्याकडं बघतेय मी.

आत्ता फोन आला. शिवा. भर दुपारी कधी करत नाही. "आक्का, आव्वा ऐकंना झालीया. आत्ताच बोलायचं म्हणती."
"शालन. हाय का गं त्यो जवळ?"
"हाय आव्वा. हितंच हाय, माझ्यापाशी."
नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.
"मग रडतोय का गं? उचलून घे की त्याला."
इथं कुणी रडत नाही. वारा आहे, शहाळेवाला आहे, बाकी किनारा मोकळा. चपलांसकट पाण्यात गेले गुडघ्यापर्यंत. कान देऊन उभी राहिले. एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं, लाईनवरचा कसलाही आवाज मला ओळखू येतो. काही नव्हतं.
"उचलते आव्वा," म्हटलं.
परत येऊन बसलेय. फोन तिनं बंद केला नाही, मीही नाही. वाळूत ठेवलाय. पलीकडून ती हूं हूं करतेय, आम्हाला थोपटून निजवताना करायची तशी. खडकांपाशी एक होडी वळलीय. आपलीच आहे का, एवढ्या लांबून कळत नाही.