स्वतःचीच सही

४ जानेवारी
आलो बुवा एकदाचा. खोली लहान, पण खिडकीला ऊन आहे आणि टेबल डुगडुगत नाही. मला आणखी काय हवं? डेटा सेंटर पायी पाच मिनिटांवर. साहेब माझ्या निम्म्या वयाचे. पदवी कुठली म्हणून विचारलं. स्वतःच शिकलो, म्हटलं. हसले. हसू देत. नोकरी पक्की झाली की बायको आणि लेक इकडे येतील.

६ जानेवारी
काम असं: सगळ्या सर्व्हरची तब्येत एका फलकावर दिसायला हवी. प्रत्येकाने आधी आपलं सर्टिफिकेट दाखवायचं. त्यावर भरवशाच्या यंत्राची सही असेल तरच फलक आत घेतो. निम्मे बाहेरच ताटकळलेले. एकाची मुदत संपलेली, एकाचं घड्याळ मागे, एकाचं नाव बदललं पण सर्टिफिकेट जुन्याच नावाचं. आधीच्या माणसाने वैतागून तपासणीच बंद करून ठेवली होती. असली कामं मी करत नाही. एकेक सरळ केला. फाटकावरचे मामा म्हणाले, घरी जात नाही का हो तुम्ही? घरी कोण आहे, म्हटलं.

९ जानेवारी
एकच उरला, सातव्या रांगेतला. सर्टिफिकेटवर सही त्याची स्वतःचीच. कुणी बसवला ते साहेबांना ठाऊक नाही. टाका काढून, म्हणाले. मन होईना. माझ्यासाठी तरी कुणी सही केली होती? भरवशाच्या यादीत घातला, हमीदार म्हणून माझं नाव दिलं. लगेच आत आला. तापमान सदतीस. बाकी सगळे बावीसच्या आसपास.

१२ जानेवारी
सातव्या रांगेत जाऊन पाहिलं. तिथली जागा रिकामी. वायरसुद्धा नाही. हात घातला तर आत ऊब.
बायकोचा फोन आला. काल किती बोललात, म्हणाली, लग्नापासून एवढं बोलला नाहीत, दगडाला पाझर फुटला की काय. काल मी फोन केला नव्हता. सांगवलं नाही. फार खूश होती.

१४ जानेवारी
त्याला काढायला बसलो. काढायचा अधिकार फक्त हमीदाराला. हमीदार मीच. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर — फलक ओळख पटत नाही म्हणतो.
मामांनी हटकलं. आत्ताच तर बाहेर गेलात, म्हणाले. माझं कार्ड बघायला घेतलं आणि हात मागे ओढला. केवढे गार हो तुम्ही, म्हणाले.

१६ जानेवारी
लेकीचा निरोप: बाबा, तुम्ही बोलावलंत म्हणून आजच निघालो, दुपारी थेट तुमच्या ऑफिसलाच येतो. मी बोलावलं नाही. फोन लावतोय — लागत नाही.
सर्व्हरच्या खोलीत अडकलोय. दार कार्ड घेत नाही. काच ठोकली. साहेब समोरून गेले, पाहिलंही नाही.

दुपार
फलकावर नवी ओळ. माझं नाव. तापमान बावीस.
सातव्या रांगेची ओळ नाही. तो आता इथे नाही —
पडद्यावर फाटकाच्या कॅमेऱ्यातलं दिसतंय. मामा कुणाशी तरी हसून बोलतायत. त्याच्या अंगात माझा निळा शर्ट. गाडी थांबली. बायको उतरली, लेक धावत —
तिने त्याचा हात धरला. ऊबदार लागला असेल तिला. माझी बोटं तर लिहितानाही —