बाटली कोण पाजतं?

चिमणे,

तुला आणि मेहुण्यांना दादाचे आशीर्वाद. तुझा गुडघा जिना चढू देतो का आता? मी ठणठणीत आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्र कालपासून तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

झालं असं. सूनबाई कामावर रुजू झाल्यापासून, म्हणजे दोन महिने, नात दिवसभर माझ्याकडे असते. चाळीस वर्षं मी बंद पडलेली घड्याळं उघडून शांतपणे कारण शोधलं. पण पोर रडायला लागलं की धीर कुणाला? मी सरळ बाटली द्यायचो. तिने तोंड फिरवलं की मीही बाटली घेऊन त्या बाजूला फिरायचो (दुकानातली चाकांची खुर्ची घरी आणलीय). तळाशी घोटभर उरलं तरी जीव कासावीस व्हायचा. डब्यावर लिहिलंय, पावडरचा चमचा सपाट घ्या. मला वाटलं, कंपनीचा चिक्कूपणा. मी शिगोशीग घ्यायचो.

मंगळवारी दवाखान्यात नर्सबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. मी शाबासकीची वाट बघत छाती काढून उभा. बाईंनी तक्ता पाहिला, पुन्हा पाहिला. वजनाची रेघ भलतीच वर चढली होती.

“बाटली कोण पाजतं?”

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

“आजोबा, प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. मान वळवली म्हणजे पोट भरलं. असं रोज कोंबलंत तर पोट कधी भरलं ते तिलाच कळेनासं होईल, आणि पुढे लठ्ठपणा मागे लागायची भीती.”

सूनबाई घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “बाबा, सोमवारपासून तिला पाळणाघरात ठेवते.”

काल दूध पिऊन अर्धा तास झाला नाही तोच तिने सूर लावला. माझा हात बाटलीकडे गेला, मागे घेतला. लंगोट कोरडा. खिडकी दाखवली, नको. घरभर येरझाऱ्या घातल्या. शेवटी दमून चटईवर तिच्याशेजारी पालथा पडलो, तर बाईसाहेब गप्प, आणि माझा चष्मा ओढून हसायला लागल्या! (नेमकी तेव्हाच शेजारची शिंपीणबाई डोकावली. म्हातारा पडला समजून तिने अख्खा मजला गोळा केला.) चिमणे, हिच्या बापाला मी एकदाही बाटली पाजली नाही, दुकानातच असायचो. त्याच्या वाटणीचंही हिलाच पाजत होतो बहुधा.

तुझा दादा

ता. क. खरं काम असं, की सूनबाईला आपणहून लिहिल्यासारखं एक पत्र टाक. दादा लहानपणापासून शिस्तीचा, असं काहीतरी.

ता. क. २. सूनबाईने हे टेबलावरून उचलून वाचलं. म्हणते, आत्यांना खोटं लिहायला लावू नका. दुपारपर्यंत पाळणाघर, मग तुम्ही. मी मान्य केलं. फक्त सकाळी नऊ ते एक या घरात मी करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. चार दिवस येऊन जा ना.