खिळे ठोकून झाल्यावर

लातूर,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय मुग्धा,

हे पत्र तुला अंबरीशच्या हातून मिळेल. पोस्टाने पाठवलं असतं तर तू ते ऑफिसात एकटीने उघडलं असतंस. त्याला सांगून ठेवलं आहे, की तू वाचत असताना मनूला तिच्या दुसऱ्या आजीकडे पोचवायचं, स्वतः शेजारच्या खोलीत बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. आता आधी पाणी पिऊन घे, पाठ टेकून बस आणि सलग वाच. प्रश्नपत्रिका वाटण्याआधी मी मुलांनाही हेच सांगत असे.

गाडीची गोष्ट मला कळली आहे. तू सांगितली नाहीस, अंबरीशने सांगितली. मे महिन्याचं ऊन, तुझ्या शिबिराच्या फाटकापाशी उभी केलेली गाडी, काचा वर, मनू आत आणि तू बाहेर, हाकेच्या अंतरावर उभी. शेवटी वॉचमनने काच फोडून पोरीला बाहेर काढलं. सलाईन लावावं लागलं. महत्त्वाचा फोन आला होता, असं तू सगळ्यांना सांगितलंस. अंबरीशने नंतर तुझा मोबाईल पाहिला. त्या वेळी कोणाचाच फोन आलेला नव्हता. तू कामाने थकली आहेस असं तो म्हणतो. जावई चांगला आहे, पण ही थकव्याची गोष्ट नाही. ती कशाची आहे हे मला एप्रिलपासून ठाऊक आहे.

तुझ्या त्या कॅमेऱ्यांच्या कामाबद्दल मी सुरुवातीला काय बोलले होते, आठवत असेल. भूकंपातून वाचलेल्या बायकांना पुण्याहून आणलेले कॅमेरे वाटायचे, त्यांनी मनाला येईल त्याचे फोटो काढायचे आणि मग सगळ्यांनी गोल बसून त्यावर बोलायचं, याला संशोधन म्हणतात हे मला पटलं नव्हतं. तू म्हणालीस, ज्यांचं मन त्या दिवसापासून अधूनमधून जागेवरून उठून जातं, त्यांना प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्यासाठी तू जो जड शब्द वापरलास तो मी विसरले. आपल्या गावात त्याला नुसतं ‘गेली’ आणि ‘आली’ म्हणतात. भाकरी थापता थापता बाई गेली, की शेजारीण तवा उतरवते आणि ती येईपर्यंत थांबते. तरी तुझ्या सांगण्यावरून मी बायका गोळा केल्या. निम्म्या माझ्याच विद्यार्थिनी. बाईंनी बोलावलं म्हणून आल्या, कॅमेऱ्यासाठी नव्हे.

पहिल्या खेपेला त्यांनी काढलेले फोटो बघून तू हिरमुसली होतीस. प्रत्येक फोटोत कोणीतरी ताठ उभं आणि छातीशी पाटी धरलेली. तुला वाटलं, यांना कॅमेरा समजलाच नाही. त्यांना चांगला समजला होता. त्यांच्या आयुष्यातला पहिला फोटो पंचनाम्याचा होता. आपल्या घराच्या ढिगापुढे, नाव आणि घरनंबर लिहिलेली पाटी हातात घेऊन, हलू नका म्हटल्यावर न हलता. फोटो म्हणजे तसाच असतो, अशी त्यांची समजूत. मग तू त्यांना तुझा नियम नव्याने सांगितलास, जे तोंडाने सांगता येत नाही ते कॅमेऱ्याने दाखवा. आणि दुसराही सांगितलास, फोटो जिने काढला तिचा. तो कोणाला दाखवायचा आणि कोणाला नाही, हे तिनेच ठरवायचं. हे दोन्ही नियम नीट लक्षात ठेव.

त्यानंतर फोटो बदलले. गंगम्माने नुसत्या दारांचे काढले, एकूण एक सताड उघडी. तिने त्या वर्षापासून आतून कडी लावलेली नाही. सून म्हणते, चोर येईल. ती म्हणते, येऊ दे, चोराला तरी बाहेर पडता येईल. केवळाबाईने आपल्या मेसच्या स्वयंपाकघराच्या छताचे काढले, रोज एक, भेग पडली का बघायला. केवळाबाई तुला फक्त कोचिंगच्या पोरांचे डबे भरणारी, जोरात हसणारी बाई म्हणून माहीत आहे. आपल्या जुन्या गावात ती आपल्या मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा भुजंग आपल्या शाळेचा शिपाई होता.

एप्रिलमध्ये केवळाबाईची मेस आहे त्या कोचिंग क्लासच्या होस्टेलच्या वरच्या हॉलमध्ये प्रदर्शनाची तालीम केली, तो दिवस तुला किती आठवतो हे मला ठाऊक नाही. जिन्यात त्या क्लासचा मोठा फलक होता, गुणवंतांच्या चेहऱ्यांच्या रांगा आणि खाली मार्क. केवळाबाई त्याच्यापुढे थांबली. “बाई, हितं भिंतीवर फोटू लागतोय तो नंबर आलेल्याचा. आमचा कितवा आला म्हणायचा?” गंगम्मा म्हणाली, “आपण नापास झालो म्हणून तर हाव इथं. पास झालेले समदे वर गेले.” दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. तूही हसलीस. मग वर जाऊन, सतरंजीवर बायकांच्या मध्ये बसून, तू दरवेळी सांगतेस ते सांगितलंस. भूकंपात माझे बाबा आणि धाकटा भाऊ गेले, मी त्या रात्री नांदेडला मामाकडे होते म्हणून वाचले, आणि त्या वाचण्याचं काहीतरी करावं म्हणून हे काम करते. बायका माना डोलावत होत्या. समोर एक माणूस फ्रेमसाठी खिळे ठोकत होता. त्याचं काम झालं, हातोडी थांबली, हॉल एकदम शांत झाला, आणि तू वाक्याच्या मध्येच गेलीस.

बायकांना ते लगेच कळलं. कोणी तुला हलवलं नाही. गंगम्माने तुझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. तुझे डोळे उघडे होते आणि उजव्या हाताची बोटं दुमडून तू सतरंजीखालच्या फरशीवर ठोकत होतीस. हळू, एका लयीत. ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा ठोकायचं. केवळाबाईने कॅमेरा उचलला आणि एक फोटो काढला. मग तू आलीस, इकडेतिकडे पाहिलंस आणि म्हणालीस, चहा कोणी नेला?

चार दिवसांनी केवळाबाई तो फोटो घेऊन माझ्याकडे आली. बसली नाही. “बाई, ह्यो तुमच्या लेकीचा हाय. तिनंच म्हणलं हुतं, सांगता येत न्हाई ते काढा. मी काढला. आता तिला दावू का न्हाई, ते तुमी सांगा. माझा धीर हुत न्हाई.” मी म्हटलं, मला विचार करू दे. तिने फोटो माझ्या हातात दिला आणि डबे पोचवायला निघून गेली.

मुग्धा, तू त्या रात्री नांदेडला नव्हतीस.

हे वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा. तू घरात होतीस. मधल्या खोलीत, कपड्यांच्या लोखंडी पेटीशेजारी. माळवदाच्या छताची तुळई त्या पेटीवर अडकली आणि तिच्याखाली तू राहिलीस. तुझे बाबा पलीकडे होते, तुझ्यापासून लांब नव्हते, पण मध्ये भिंत कोसळली होती. धाकटा वरद माझ्या कुशीत होता. त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. तू मला दिलेला कॅमेरा मी कोरा परत केला तेव्हा तू रागावलीस, त्याचं कारण तेवढंच आहे.

उजाडल्यावर मला आधी काढलं. पाय मोडला होता म्हणून गल्लीत बाजेवर टाकून ठेवलं. तिथून मला दोन आवाज ऐकू येत होते. एक जड, दगडाने तुळईवर ठोकल्यासारखा, आणि एक बारका, पेटीच्या पत्र्यावरचा. जड आवाज तुझ्या बाबांचा. मार्तंड ठोकायचा आणि तू उत्तर द्यायचीस. झोपू नये म्हणून तो तुला जागं ठेवत होता. वर्गात मागच्या बाकावरची पेंगणारी पोरं तो अशीच जागी ठेवायचा, टेबलावर डस्टर आपटून. भुजंग आणि आणखी दोघं हातांनी दगड उपसत होते. एवढ्या गावाला पहारी कुठून पुरणार? ऊन चढलं तसा जड आवाज विरळ झाला, आणि मग आलाच नाही. तू ठोकत राहिलीस. ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. भुजंग ढिगावर कान लावून म्हणाला, “बारका आवाज हाय अजून,” आणि त्या आवाजावर खणत गेला. तुला त्याने काढलं. केवळाबाईने तुला पदरात गुंडाळलं. तिच्या मांडीवरही तू तिच्या पाटलीवर ठोकत होतीस, असं ती सांगते.

मला पायासाठी सोलापूरला नेलं आणि तुला मामाने नांदेडला. तू कोणाशी बोलत नव्हतीस. प्लास्टर घेऊन मी नांदेडात वजिराबादला मामाच्या घरी पोचले तेव्हा तू ओट्यावर बसून पेरू खात होतीस. मला पाहून म्हणालीस, आई, तू कुठं होतीस? मी तर मामाकडंच होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी म्हटलं, हो.

डॉक्टरांनीही सांगितलं, पोरगी जेवते, बोलते, खेळते, तर उकरू नका. गावालाही ते कळलं. बाईंनी हो म्हटलं म्हणजे गावाचंही हो. तुझ्या सतरंजीवर बसलेल्या निम्म्या बायकांनी तुला त्या ढिगातून निघताना पाहिलं आहे, आणि तू नांदेडचं सांगतेस तेव्हा त्या मान डोलावतात, कारण मी एकदा डोलावली होती. मी माफी मागायला हे लिहीत नाही. तुला त्या वयात जगायला जे लागत होतं ते तू स्वतः रचलंस आणि मी ते खोडलं नाही. आज तशी पोर माझ्यापुढे आली तर मी आजही हो म्हणेन. एप्रिलमध्ये फोटो हातात आल्यावरही मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तो मी रेडिओखाली ठेवून दिला. केवळाबाईला निरोप पाठवला, की फोटो असू दे, दाखवायचा नाही. तू शिकलीस, संसार केलास, अधूनमधून जातेस आणि येतेस. तसं तर अर्धं गाव जातं आणि येतं.

गप्प राहायचं ठरवलेलं मी मोडलं ते मनूमुळे. गेल्या आठवड्यात अंबरीशने फोन तिच्याकडे दिला. मी विचारलं, गाडीत काय झालं होतं गं? ती म्हणाली, “आजी, मी बाटलीनं काचेवर ठकठक करत होते. आई म्हणाली, बस कर. मग मी बस केलं. मग आई बाहेर गेली आणि दार लावलं. मी परत ठकठक केलं, खूप जोरात केलं, पण आईनं बघितलंच नाही.” मनू आता तुझ्या त्या वेळच्या वयाची आहे. फोन ठेवल्यावर मी रेडिओखालचा फोटो पुन्हा पाहिला. ठोकणं थांबलं की तू जातेस. आणि गेलीस की दुसरं कोणी ठोकलेलं तुला ऐकू येत नाही. हे तुला सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिलं. फोटो सोबतच्या बंद पाकिटात आहे. तो आज उघडू नकोस. तुमच्याकडे अशा वेळी शेजारी बसणारे जाणकार असतात असं तूच सांगितलं होतंस, त्यांच्यासमोर उघड. भिंतीवर लावायचा की नाही हे केवळाबाई ठरवेल, आणि चेहरा तुझा असल्याने तुझी परवानगी लागेल. नियम तुझेच आहेत. तोवर तू एकटीने मनूला गाडीत घ्यायचं नाही. ही विनंती नाही. बाबांचा आवाज थांबला होता, मुग्धा, तुझा थांबला नव्हता, म्हणून तू बाहेर आलीस. तिचाही थांबला नव्हता. आता वाचून झालं असेल, तर टेबलावर ठोक. मोठ्याने. अंबरीशला सांगून ठेवलं आहे, भिंतीपलीकडून त्याने लगेच उत्तर द्यायचं.

तुझीच,
आई